योसेमिटीचा बेत: आधी परतीची वेळ ठरवा



उन्हाळा जवळ आला की बे एरियातल्या मराठी घरांमध्ये एक एक्सेल शीट उघडते. वर लिहिलेलं असतं 'योसेमिटी', खाली आठ फॅमिलींची नावं. कोण टेंट आणणार, कोण कूलर, कोण कांदे चिरून आणणार, सगळं व्यवस्थित मांडलेलं. दुसऱ्या पानावर पाहायची ठिकाणं: टनेल व्ह्यू, मिस्ट ट्रेल, ग्लेशियर पॉइंट, मारिपोसा ग्रोव्ह, टायोगा पास, आणि जमलंच तर हाफ डोम. तीन दिवसांत! अशा बऱ्याच शीट्स मी पाहिल्या आहेत, दोन-चार भरल्याही आहेत. त्यात मला एक रकाना कधी दिसला नाही, आणि माझ्या मते तो सगळ्यात पहिला हवा. तो म्हणजे, किती वाजता परत फिरायचं.

कुणी म्हणेल, हा काय मोठा शोध लावला? पण दर वर्षी कानावर येणारे किस्से ऐका. अंधारात मोबाईलच्या उजेडात उतरलेले, पाणी संपलेले, अर्धा ग्रुप कँपवर आणि अर्धा कुठे ते माहीत नसलेले. यातले बहुतेक लोक तब्येतीने धडधाकट, शिकलेले, ऑफिसात प्रोजेक्टचं प्लॅनिंग करून पगार घेणारे. तरी डोंगरावरचा प्लॅन 'जाऊ तर खरं, बघू पुढचं पुढे' असाच.

याचं मूळ मला आपल्या सह्याद्रीत दिसतं. रागावू नका. आपल्यातल्या निम्म्या लोकांनी कॉलेजात राजगड-तोरणा केलेला असतो, हरिश्चंद्रगडावर रात्र काढलेली असते, कळसूबाईवर फोटो असतो. तो अनुभव खोटा नाही. पाय तयार असतात, पाठीवर ओझं घ्यायची सवय असते, दगडावर झोपता येतं, मिळेल ते खाता येतं. पण सह्याद्री आपल्याला नकळत सांभाळून घेतो. पायथ्याला वाडी असते. वाट चुकली तर गुरं राखणारा कुणीतरी मामा भेटतो आणि वर 'एवढ्या उन्हात कशाला आलात' म्हणून ताकही पाजतो. गडावर टाक्यात पाणी असतं. उशीर झाला तर कुणाच्या तरी पडवीत पथारी पसरता येते, आणि सकाळी पिठलं-भाकरी. म्हणजे उशिराची किंमत तिथे फारशी मोजावी लागत नाही. सिएरात तीच चूक महागात पडते, कारण मैलोन् मैल कुणी राहतच नाही. योसेमिटीचा पसारा तीन हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे आणि त्यातला बहुतेक भाग रस्ता नसलेलं रान आहे. फोनला रेंज व्हॅलीत जेमतेम, ट्रेलवर तिचा भरवसा नाही.

दुसरी गोष्ट उंचीची. कळसूबाई, महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर, ५,४०० फूट. योसेमिटी व्हॅलीचा तळच ४,००० फुटांवर आहे, महाबळेश्वरच्या जरासा खाली. आणि टुऑलमी मेडोजचं कँपग्राउंड ८,६०० फुटांवर. म्हणजे तिथे तुम्ही टेंट ठोकून झोपता ते कळसूबाईच्या माथ्याच्याही तीन हजार फूट वर. टायोगा पास तर दहा हजारांना टेकलेला. सॅन होजेच्या समुद्रसपाटीवरून शुक्रवारी संध्याकाळी निघून थेट तिथे रात्रीचा मुक्काम केला, तर डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं हे होऊ शकतं, आणि त्याचा फिटनेसशी फार संबंध नसतो. म्हणून पहिली रात्र खाली, दुसरी वर, असा क्रम मला बरा वाटतो. ऑगस्टातसुद्धा तिथे रात्री पारा शून्याच्या आसपास येतो, तेव्हा 'कॅलिफोर्नियात कसली थंडी' म्हणून घरातल्या गोधड्यांवर भागवू नका.

(जाता जाता: टुऑलमीला पाणी साधारण ९१ अंशालाच उकळतं. उघड्या भांड्यात तुरीची डाळ तासभर शिजवून पाहा, दाणे तसेच. छोटा कुकर न्या. शेजारचे अमेरिकन शिट्टीला दचकतात, पण रात्री दहाच्या आत वाजवली तर तक्रार करत नाहीत :-) दहा ते सहा शांततेची वेळ असते आणि ती खरोखर पाळतात.)

अंतरं आणि चढ यांचा अंदाज यावा म्हणून मी नव्या लोकांना 'सिंहगड' हे माप देतो. आतकरवाडीतून सिंहगड चढायचा म्हणजे साधारण दोन हजार फूट. मिस्ट ट्रेलने व्हर्नल फॉलचा माथा हजार फूट, म्हणजे अर्धा सिंहगड, पण सहाशेच्या वर दगडी पायऱ्या आणि त्याही ओल्या. नेवाडा फॉलचा माथा म्हणजे पुरता एक सिंहगड, जाऊन-येऊन साडेपाच मैलांच्या आसपास. अप्पर योसेमिटी फॉल २,७०० फूट, सव्वा सिंहगडाहून जास्त. आणि हाफ डोम? ४,८०० फूट चढ, जाऊन-येऊन १४ ते १६ मैल. दोन सिंहगड एकावर एक ठेवले तरी आठशे फूट उरतात, आणि त्यातले शेवटचे चारशे केबल धरून चढायचे. बहुतेकांना दहा ते बारा तास लागतात. आता तुम्हीच सांगा, सकाळी पोहे, चहा, आंघोळी उरकून साडेदहाला निघालेला ग्रुप हा हिशेब कसा जमवणार?

म्हणून माझा आग्रह. आधी सूर्य कधी मावळतो ते पाहायचं. त्यातून दोन तास वजा करायचे, कारण कुणाचा तरी पाय मुरगळणार, कुणाला तरी लघवीला जायचं असणार, फोटो तर असणारच. मग उतरायचा वेळ वजा करायचा. जी वेळ येईल ती परत फिरण्याची वेळ. त्या क्षणी माथा शंभर पावलांवर असला तरी फिरायचं. आणि हे आदल्या रात्री शेकोटीभोवती सगळ्यांसमोर ठरवायचं, कारण दुपारी दोन वाजता माथा समोर दिसत असताना 'चला मागे' म्हणणारा माणूस ग्रुपात व्हिलन ठरतो. रात्री ठरलेलं असेल तर वाईटपणा घड्याळाकडे जातो.

उन्हाळ्यात याला आणखी एक कारण आहे. दुपारी उंच भागात ढग जमतात, गडगडाट होतो. हाफ डोमचा माथा हा उघडा कातळ, आणि केबल लोखंडाच्या. जुलै १९८५ मध्ये तिथे वीज पडून दोन जण गेले. पावसात तोच कातळ साबणासारखा होतो. आपला बेसाल्ट खडबडीत, बूट धरून ठेवतो. इथला ग्रॅनाइट हिमनद्यांनी हजारो वर्षं घासून गुळगुळीत केलेला आहे, कोरडा असतानाही काही ठिकाणी आरशासारखा चमकतो. राजगडच्या संजीवनी माचीवर जो पाय ठरतो तो इथे ठरेलच असं नाही.

आणि पाणी. आपल्या मनात पाण्याची भीती पावसाळ्यातल्या ओढ्यांपुरती असते, आकाश निळं असलं की ओढा निर्धोक. इथे उलटं. वर बर्फ वितळतो तेव्हा, म्हणजे मे-जूनच्या स्वच्छ उन्हात, मर्सेड नदी सर्वांत जोरात असते. पाणी इतकं गार की पोहणाराही काही मिनिटांत हातपाय हलवू शकत नाही. व्हर्नल फॉलच्या डोक्यावर एमराल्ड पूल म्हणून डोह आहे. संथ, हिरवागार, घामाघूम माणसाला बोलावणारा. तिथे पोहायला बंदी आहे, कडेला रेलिंग आहे, पाट्या आहेत. जुलै २०११ मध्ये रेलिंग ओलांडून पाण्याशी गेलेल्या ग्रुपातले तिघं धबधब्यावरून खाली गेले. एक घसरला आणि बाकीचे दोघं त्याला धरायला गेले. मुलांना नुसतं 'पाण्याजवळ जाऊ नका' सांगून उपयोग नाही. वर पोचल्यावर प्रत्येक मुलामागे एक ठरलेलं मोठं माणूस असलं पाहिजे, नावानिशी. 'आहेत की एवढे सगळे' म्हटलं की कुणीच पाहत नाही.

इथून मी ग्रुपच्या आकारावर येतो, कारण माझ्या मते आपल्या बेतांमध्ये सर्वांत मोठा घोळ तिथेच आहे. आठ फॅमिली म्हणजे मुलं धरून पंचवीस-तीस माणसं. एका साइटवर जास्तीत जास्त सहा जण, लहान मुलं धरून, आणि दोन गाड्या. म्हणजे पाच साइट्स. त्या शेजारी शेजारी मिळणं लॉटरी लागल्यासारखंच. अप्पर पाइन्ससारख्या कँपग्राउंडचं बुकिंग साधारण पाच महिने आधी, महिन्याच्या १५ तारखेला पॅसिफिक वेळेनुसार सकाळी सातला उघडतं आणि उन्हाळ्याचे वीकेंड काही मिनिटांत संपतात. रेल्वेचं तत्काळ तिकीट ज्यांनी काढलंय त्यांना वेगळं सांगायला नको. मग काय होतं, दोन साइट्स मिळतात आणि तीस माणसं त्यात 'अॅडजस्ट' होतात. रात्री रेंजर येतो, वाद होतो, कुणीतरी गाडीत झोपतं (बुक केलेल्या साइटबाहेर त्यालाही मनाई आहे), आणि सकाळी निघायला अकरा.

ग्रुप मोठा असला की ट्रेलवर तो तुटतोच. आमच्या ओळखीतल्या एका मंडळींचं सांगतो. बावीस जण नेवाडा फॉलला निघाले. व्हर्नलच्या पुलापुढे थोड्या अंतरावर वाट फुटते, एक नदीकाठाने पायऱ्यांची, दुसरी जॉन म्यूर ट्रेल, वळणं घेत जाणारी. पुढे त्या पुन्हा मिळतात. पुढचे एका वाटेने गेले, मागच्या काहींनी सोपी म्हणून दुसरी धरली. एक वहिनी गुडघा दुखतो म्हणून मागे राहिल्या, त्यांना 'तुम्ही या सावकाश' असं सांगितलेलं. पुढच्यांना वाटलं त्या मागच्यांबरोबर आहेत, मागच्यांना वाटलं पुढे गेल्या. सगळे खाली आल्यावर मोजले तर एकवीस. वहिनी नेवाडा फॉलच्या माथ्यावर नवऱ्याची वाट पाहत अडीच तास बसलेल्या, पाण्याची बाटली त्याच्या सॅकमध्ये. एका अनोळखी जोडप्याने त्यांना बॅटरीच्या उजेडात खाली आणलं. सुखरूप आल्या म्हणून आज हसून सांगतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

'तू ये सावकाश' हे वाक्य डोंगरात बंद झालं पाहिजे. सर्वांत हळू चालणारा पुढे, त्याच्या वेगाने बाकीचे, हा नियम ज्यांना जाचतो त्यांनी वेगळा ग्रुप करावा आणि वेगळं निघावं, त्यात अपमान काही नाही. सहा-सात माणसांचा एक गट, प्रत्येक गटाकडे स्वतःचं पाणी, स्वतःची बॅटरी, स्वतःचा नकाशा आणि स्वतःची परतायची वेळ. संध्याकाळी जेवायला सगळे एकत्र. एवढं केलं तर आठ फॅमिलीसुद्धा नेता येतील. (तीस माणसांना एकत्र राहायचंच असेल तर वावोना, हॉजडन मेडो, टुऑलमी इथे ग्रुप साइट्स असतात, त्या शोधा.)

आता नाजूक विषय. आई-बाबा.

आपले आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात आणि त्यातल्या एका लाँग वीकेंडला आपण त्यांना योसेमिटीला नेतो. मग घडतं असं, की तरुण मंडळी ट्रेलला जातात आणि आजी-आजोबा कँपवर चार नातवंडं सांभाळत बसतात. भाषा धड कळत नाही, फोन लागत नाही, गाडी चालवता येत नाही, शेजारी अस्वलाची पाटी. त्यांना विचारलं तर ते 'आम्हाला काय, छान झाडं आहेत' म्हणणार. ते तसंच म्हणणार! म्हणून विचारून उपयोग नाही, बेतातच त्यांचा एक पूर्ण दिवस धरायला हवा. लोअर योसेमिटी फॉलची मैलभराची सपाट फेरी आहे, मिरर लेकला दोन मैल जाऊन-येऊन, कुक्स मेडोमधून संध्याकाळी हाफ डोम केशरी होताना दिसतो. ग्लेशियर पॉइंटला उन्हाळ्यात गाडीने जाता येतं आणि व्हॅली तीन हजार फूट खाली पायाशी दिसते. हे सगळं दुय्यम नाही. कुणी सांगितलं की घाम गाळल्याशिवाय डोंगर दिसत नाही?

बीपी, हृदयाचा त्रास असेल तर टुऑलमीच्या मुक्कामाआधी डॉक्टरांना विचारा. व्हिजिटर इन्शुरन्समध्ये आधीचे आजार सहसा धरलेले नसतात हेही लक्षात असू द्या. आणि एक नवी गोष्ट: १ जानेवारी २०२६ पासून योसेमिटीसह अकरा नॅशनल पार्कांत अमेरिकेत न राहणाऱ्या पाहुण्यांना नेहमीच्या फीवर माणशी १०० डॉलर जादा पडतात, १५ वर्षांपर्यंतची मुलं सोडून. त्यांच्यासाठी वर्षाचा पास २५० डॉलरचा. आई-बाबा दोघं म्हणजे दोनशे डॉलर. हे ऐकल्यावर एका मित्राची पहिली प्रतिक्रिया, 'मग तर सगळं बघूनच यायचं, पैसे वसूल.' मला नेमकी याचीच धास्ती वाटते. दोनशे डॉलर भरले म्हणून सत्तर वर्षांच्या गुडघ्यांना सहाशे पायऱ्या चढायला लावू नका.

यावर 'आम्हाला सुट्टी मिळते किती?' हा प्रश्न येणार, आणि तो रास्त आहे. वर्षाची दोन-तीन आठवड्यांची रजा भारतवारीत जाते. उरतात लाँग वीकेंड. त्यात मुलांचं सॉकर, कुणाची मुंज, कुणाचं बारसं. एवढ्या खटपटीने तीन दिवस काढल्यावर माणसाला सगळंच हवं असतं. मला ते समजतं, पण पटत नाही. तीन दिवसांत दिवसाला एकच मोठी गोष्ट ठेवली तर एक-दोन राहतील. राहू देत. आपण चार तासांवर राहतो, पुन्हा येता येतं. न्यू जर्सीहून विमानाने येणाऱ्यांचं तसं नाही हे मान्य, त्यांनी एक दिवस वाढवावा आणि लास व्हेगस गाळावं.

शक्य असेल तर मेमोरियल डे आणि चार जुलै सरळ सोडा. धबधबे भरलेले पाहायचे तर मेच्या मधल्या आठवड्यात मंगळवार-बुधवारी, आई-बाबांबरोबर. चालायला सप्टेंबर सर्वांत चांगला, गर्दी ओसरलेली, नदी उतरलेली. योसेमिटी फॉल तेव्हा बहुधा कोरडा असतो, त्याची हळहळ वाटते, पण केबल साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत असतात. टायोगा रोडचं मात्र बर्फावर अवलंबून. २०२३ मध्ये तो २२ जुलैला उघडला, तेव्हा टुऑलमीचा बेत जूनमध्ये करत असाल तर पर्याय हाताशी ठेवा.

स्वयंपाकाबद्दल एकच बोलतो. कँपवर तीस माणसांची पावभाजी करायला कुणी जाऊ नये. मी पाहिलंय, चार बायका सकाळपासून भाज्या चिरतात आणि पुरुष नकाशा उघडून चर्चा करतात. घरून दशम्या, चटणी, मेथीचे ठेपले, लाडू न्या, रात्री खिचडी टाका, मेतकूट-तूप घ्या, आणि सगळ्याच जणी डोंगरात जाऊ देत. ज्याला पावभाजी हवी त्याने भाजी घरून चिरून आणावी आणि तव्यापाशी स्वतः उभं राहावं.

अस्वलांची थट्टा नको. १९९८ साली योसेमिटीत अस्वलांच्या दीड हजारांवर घटना नोंदल्या गेल्या, बहुतेक अन्नाच्या वासाने फोडलेल्या गाड्या. लोखंडी लॉकर आणि कडक नियम आल्यावर ते फार कमी झालं. नियम 'खाण्यापुरता' नाही, वास येणारं सगळं लॉकरमध्ये. आपल्या बाबतीत त्यात टूथपेस्ट, बाम, बाबांचं नारायण तेल, आईची उदबत्ती आणि मुलांच्या कार सीटच्या फटीत सांडलेला चिवडा हे सगळं आलं. लॉकर फार मोठा नसतो, सामान भरताना त्याचा विचार करा. माणसांच्या अन्नाला चटावलेलं अस्वल शेवटी पार्कलाच मारावं लागतं, हे मुलांना सांगा, ती मोठ्यांपेक्षा जास्त काळजी घेतात.

ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी गाळून किंवा उकळून. गडावरच्या टाक्याचा नियम इथे लावू नका. पेट्रोल बाहेरच भरा, व्हॅलीत पंप नाही.

हाफ डोमच्या परमिटसाठी मुख्य लॉटरीचे अर्ज मार्चभर घेतात, एका अर्जावर जास्तीत जास्त सहा जण. हुकलं तर जायच्या दोन दिवस आधी रोजची लॉटरी असते. परमिट मिळालं तरी ढग दिसले तर सबडोमवरून फिरा, तिथूनही दृश्य कमी नाही.

निघायच्या आधी घरी राहणाऱ्या कुणाकडे तरी एक ईमेल ठेवा: गाडीचा नंबर, कोणत्या दिवशी कोणता ट्रेल, गटात कोण कोण, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर ९११ ला कळवायचं. त्या माणसाला ती वेळ गुळमुळीत सांगू नका, आकड्यात सांगा.